पेब्रिन

पेब्रिन हा तुतीचा पाला खाणाऱ्या रेशीमकिड्यांना (शास्त्रीय नाव: बॉम्बिक्स मोराय) होणारा घातक रोग होय. नोसेमा बॉम्बिसिस हा सूक्ष्म परजीवी त्यास कारणीभूत असतो. तो पाल्याबरोबर अळीच्या पोटात जातो, प्रथम आतड्याच्या अस्तरात वाढतो आणि तेथून स्नायू, मेदपिंड, रेशीमग्रंथी व जननेंद्रिये यांपर्यंत पसरतो. मादी पतंगाच्या अंडाशयात पोहोचल्यावर तो अंड्यांमार्फत पुढील पिढीत जातो. रेशीमकिड्यांच्या प्रमुख रोगांपैकी मातेकडून अंड्यात शिरणारा रोग म्हणून पेब्रिन ओळखला जातो. यामुळेच जगातील सर्व रेशीम उत्पादक देशांत अंडी तयार करण्याची पद्धत या एका रोगाभोवती बेतलेली आहे. महाराष्ट्रातील शेतकरी ज्यांना ‘डीएफएल’ किंवा रोगमुक्त अंडीपुंज म्हणतात, त्या नावातील ‘रोग’ म्हणजे मुख्यतः पेब्रिनच होय.

कीटकांच्या आतड्यात राहणारे परजीवी यजमानाचे आरोग्य, आयुर्मान व प्रजननक्षमता यांवर कसा परिणाम करतात, याचे सर्वाधिक काळ अभ्यासले गेलेले उदाहरण म्हणूनही पेब्रिनला कीटकशास्त्रात महत्त्वाचे स्थान आहे.

नाव

दक्षिण फ्रान्समधील प्रोव्हान्साल बोलीत मिरीला ‘पेब्रे’ म्हणतात. रोगट अळीच्या अंगावर मिरपूड भुरभुरल्यासारखे बारीक काळे ठिपके दिसतात, त्यावरून फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ आर्मां द कात्रफाज यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात हे नाव रूढ केले. नाव ठिपक्यांवरून पडले असले तरी ठिपके हे रोगाचे खात्रीचे लक्षण नव्हे. अनेक बाधित अळ्यांच्या अंगावर ते दिसत नाहीत, आणि या रोगाचा खरा धोका ठिपके नसलेल्या अळ्यांपासूनच असतो.

रोगकारक

नोसेमा बॉम्बिसिस हा मायक्रोस्पोरिडिया या गटातील जीव आहे. कार्ल फोन नेगेली यांनी १८५७ मध्ये त्याला हे नाव दिले. त्याचे जीवसृष्टीतील स्थान पुढे अनेकदा बदलले. नेगेलींनी त्याला सूक्ष्म बुरशीसदृश जीवांमध्ये घातले, त्यानंतर दीर्घकाळ तो आदिजीव मानला गेला आणि आता जनुकीय पुराव्यांच्या आधारे मायक्रोस्पोरिडिया हे बुरशींचे अथवा त्यांच्या अगदी जवळच्या नातलगांचे कुळ समजले जाते. म्हणजे नेगेलींचा पहिला अंदाज फारसा चुकला नव्हता.

या जीवाचे बीजाणू लंबगोल, सुमारे ३ ते ४ मायक्रोमीटर लांब व त्याच्या निम्म्याइतके रुंद असतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते तांदळाच्या चमकदार कण्यांसारखे दिसतात. बीजाणूचे कवच जाड असल्यामुळे तो मेलेल्या पतंगाच्या शरीरात, विष्ठेत, संगोपनगृहातील धुळीत व मातीत महिनोन्‌महिने, अनुकूल स्थितीत त्याहूनही अधिक काळ, तग धरतो. मात्र जिवंत पेशीबाहेर तो वाढू शकत नाही. मायक्रोस्पोरिडियांना ऊर्जा निर्माण करणाऱ्या पूर्ण विकसित तंतुकणिका नसतात. त्यांचे केवळ अवशेष उरलेले असतात. त्यामुळे ते यजमान पेशीने तयार केलेली ऊर्जा आयतीच ओढून घेतात. ज्या पेशीत परजीवी शिरतो तिची शिदोरी तो खातो, आणि अळीवर होणाऱ्या बहुतेक परिणामांचे मूळ येथे आहे.

आतड्यातील प्रवेश व जीवनचक्र

रेशीमकिड्याच्या अळीचे मध्यांत्र, म्हणजे आतड्याचा मधला मोठा भाग, तीव्र अल्कधर्मी असते. पाल्याबरोबर गिळलेला बीजाणू तेथे पोहोचला की त्याच्या आतील दाब वाढतो आणि आत वेटोळे घालून बसलेली ध्रुवनलिका झटक्यात बाहेर फेकली जाते. ही नलिका बीजाणूच्या लांबीच्या कितीतरी पट लांब असते. तिचे टोक आतड्याच्या अस्तरातील पेशीत घुसते आणि बीजाणूतील जिवंत द्रव्य त्या पोकळ नळीतून थेट पेशीत उतरते. एकंदर क्रिया इंजेक्शनच्या सुईसारखी आहे आणि ती क्षणार्धात पार पडते.

पेशीत शिरलेले द्रव्य विभागून वाढू लागते. काही पिढ्यांनंतर त्यापासून नवे बीजाणू तयार होतात, पेशी त्यांनी गच्च भरते व अखेर फुटते. अनुकूल तापमानात एक चक्र सुमारे चार दिवसांत पूर्ण होते. सुरुवातीच्या चक्रात पातळ कवचाचे काही बीजाणू तयार होतात. ते शरीराबाहेर न पडता शेजारच्या पेशींना व इतर ऊतींना बाधित करतात. जाड कवचाचे बीजाणू विष्ठेतून बाहेर पडतात आणि पाल्यावर, ट्रेवर व अंथरुणात मिसळून निरोगी अळ्यांपर्यंत पोहोचतात. कात टाकताना गळून पडलेली त्वचा, मेलेल्या अळ्या आणि पतंगांचे खवले यांतूनही प्रसार होतो.

वाढ, रेशीम व प्रजनन यांवरील परिणाम

रेशीमकिड्याची अळी अंड्यातून बाहेर पडल्यापासून कोष विणण्यापर्यंतच्या सुमारे २५ दिवसांत चार वेळा कात टाकते आणि तिचे वजन सुमारे दहा हजार पट होते. एवढी वाढ सर्वस्वी आतड्याच्या कामावर अवलंबून असते. अस्तरातील पेशी बीजाणूंनी भरू लागल्या की पाचक रस कमी पडतात, अन्नाचे शोषण घटते, आणि जे शोषले जाते त्यातील ऊर्जेचा मोठा वाटा परजीवीकडे वळतो. अळी पाला कमी खाते. एकाच दिवशी फुटलेल्या अळ्यांमध्ये काही मोठ्या, काही खुजी असा असमतोल दिसू लागतो. काही अळ्या वेळेवर कात टाकतात, तर काही मागे राहतात. अनुभवी शेतकऱ्याच्या नजरेत रोगाची पहिली शंका येते ती बहुधा या असमान बॅचवरूनच. मात्र शिळा पाला, अपुरी जागा किंवा तापमानातील चढउतार यांमुळेही अळ्या असमान होतात, त्यामुळे केवळ डोळ्यांनी निदान करता येत नाही.

संसर्ग केव्हा झाला यावर पुढचा परिणाम ठरतो. अंड्यातूनच रोग घेऊन आलेल्या अळ्या बहुधा तिसऱ्या-चौथ्या अवस्थेच्या आतच मरतात. लहानपणी दूषित पाला खाल्लेल्या अळ्या कोष विणण्यापर्यंत क्वचितच पोहोचतात. पोहोचल्या तर कोष पातळ, हलका व ठिसूळ होतो, कारण निरोगी अळीत पारदर्शक असणाऱ्या रेशीमग्रंथींवर दुधी पांढरे फोड आलेले असतात. याउलट चौथ्या-पाचव्या अवस्थेत संसर्ग झालेली अळी वरकरणी धडधाकट दिसते, कोष विणते, पतंग होते, मीलन करते आणि अंडीही घालते. ती अंडी संख्येने कमी असतात, एकावर एक रचल्यासारखी विस्कळीत घातलेली असतात, त्यांतील काही नापीक निघतात. जी फुटतात त्यांतील अनेक अळ्यांच्या शरीरात जन्मतःच परजीवी असतो.

यजमानाला लवकर मारणे परजीवीच्या नेहमीच फायद्याचे नसते, हे यावरून दिसते. विष्ठेतून पसरताना त्याला बीजाणूंची रेलचेल हवी असते, मग अळी मेली तरी चालते. अंड्यातून पसरायचे असेल तर मात्र मादी मीलन व अंडी घालण्यापर्यंत जगणे आवश्यक ठरते. नोसेमा बॉम्बिसिस हे दोन्ही मार्ग वापरतो. म्हणून त्याचा तीव्र संसर्ग एका बॅचपुरता नुकसान करतो, तर सौम्य संसर्ग बियाण्यात शिरून शेकडो बॅच बुडवू शकतो.

बाधित नराकडून मीलनाच्या वेळी बीजाणू मादीकडे जाऊ शकतात. परंतु अंड्यातील संसर्गाचा मुख्य मार्ग मादीचाच असल्याने तपासणीही मादीचीच केली जाते.

इतिहास

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्स हा युरोपातील प्रमुख रेशीम उत्पादक देश होता. १८५३ मध्ये तेथील कोषांचे उत्पादन सुमारे २ कोटी ६० लाख किलोग्रॅम होते. त्यानंतर पेब्रिनची साथ पसरली आणि १८६५ पर्यंत ते सुमारे ४० लाख किलोग्रॅमवर आले. दक्षिणेकडील खेड्यांत तुतीच्या बागा तोडल्या गेल्या. निरोगी अंड्यांच्या शोधात व्यापारी इटली, बाल्कन प्रदेश, तुर्कस्तान असे पूर्वेकडे सरकत गेले आणि प्रत्येक ठिकाणी रोग त्यांच्या मागोमाग पोहोचला. शेवटी जपान उरला. १८६० च्या दशकात जपानी अंड्यांच्या कागदी पत्रकांची युरोपातील निर्यात यामुळेच भरभराटीस आली.

रसायनशास्त्रज्ञ झां-बातिस्त द्युमा यांच्या आग्रहावरून लुई पाश्चर यांनी १८६५ मध्ये आलेस या गावी या रोगाचा अभ्यास सुरू केला. तोवर त्यांनी रेशीमकिडा हाताळलेला नव्हता. रोगट किड्यांतील चमकदार कण इटालियन अभ्यासकांनी आधीच पाहिले होते, परंतु ते रोगाचे कारण की परिणाम हा वाद होता. पाश्चर स्वतः सुरुवातीस चुकीच्या बाजूस होते. हे कण म्हणजे आजारी ऊतींपासून तयार झालेले अवशेष असावेत असे त्यांना वाटे. रोग परजीवीजन्य असल्याचे अंत्वान बेशां यांनी त्यांच्याआधी मांडले होते. पाश्चरांचे सहकारी देझिरे जेर्ने यांनी दूषित पाला खाऊ घालून केलेल्या प्रयोगांनंतर, १८६७ च्या सुमारास, पाश्चरांनी आपले मत बदलले. पेब्रिन व फ्लॅचरी हे दोन वेगळे रोग एकाच वेळी साथीत मिसळले आहेत हे त्यांच्या लक्षात येण्यासही वेळ लागला. या काळात त्यांच्या दोन मुलींचा मृत्यू झाला आणि १८६८ मध्ये त्यांना स्वतःला पक्षाघात झाला. या कामाचा ग्रंथ १८७० मध्ये प्रसिद्ध झाला.

विशेष म्हणजे पाश्चरांना परजीवीचे जीवनचक्र नीट कळले नव्हते, ते पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी उलगडले. त्यांनी रोगावर औषधही शोधले नाही. त्यांनी दिली ती निवडीची पद्धत, आणि तीच आजही चालू आहे.

भारतात काश्मीर दरबाराने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उभारलेला रेशीम उद्योग १८७० च्या दशकाच्या अखेरीस या रोगाने कोलमडला. १८९० च्या दशकात टॉमस वॉर्डल यांच्या पुढाकाराने युरोपातून तपासलेली अंडी आणून तो पुन्हा उभा करण्यात आला. बंगालमध्ये नित्यगोपाल मुखर्जी यांनी पाश्चर पद्धतीचा प्रसार केला. दख्खनमध्ये त्याआधीच, १८३० च्या दशकात, जुझेप्पे मुत्ती या इटालियन गृहस्थांनी पुणे परिसरात तुती लावून रेशीम काढण्याचे प्रयत्न केले होते. तो उद्योग त्या वेळी रुजला नाही.

माता पतंगाची तपासणी

पाश्चर पद्धतीत प्रत्येक मादीला मीलनानंतर स्वतंत्र ठेवून अंडी घालू देतात. अंडी घालून झाल्यावर ती मादी थोड्या द्रावणात खलून तिचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. त्यात एकही बीजाणू दिसला तर तिने घातलेली अंडी जाळून टाकतात. अंड्यांवर कोणताही उपचार केला जात नाही, केवळ आईच्या शरीरावरून लेकरांचा निवाडा होतो.

भारतातील अंडी निर्मिती केंद्रांत हीच रीत काही फरकांनी वापरली जाते. मूळ वाणांच्या बियाण्यासाठी प्रत्येक मादी तपासली जाते. शेतकऱ्यांना दिल्या जाणाऱ्या संकरित अंड्यांसाठी लाखो माद्या असतात, त्यामुळे ठरावीक प्रमाणात नमुने घेऊन ते एकत्र वाटले जातात, गाळले जातात व सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तळाचा साका तपासला जातो. ही सामूहिक पद्धत जपानी संशोधकाच्या नावावरून फुजिवारा पद्धत म्हणून ओळखली जाते. खलण्यासाठी पोटॅशियम कार्बोनेटचे सौम्य द्रावण वापरतात, त्यामुळे मेदकण विरघळतात व बीजाणू स्पष्ट दिसतात. नवशिक्या तपासनीसाची फसगत येथेच होते, कारण मेदकण, परागकण व बुरशीचे बीजाणू हे वरवर पाहता सारखे भासतात. बाधा अगदी सौम्य असल्यास बीजाणूंची संख्या वाढावी म्हणून मृत पतंग काही दिवस ठेवून मग तपासण्याची रीतही आहे. जनुकीय चाचण्या उपलब्ध असल्या तरी दैनंदिन कामात सूक्ष्मदर्शकाचीच सद्दी आहे.

केंद्रीय रेशीम मंडळ कायद्यात २००६ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर अंडी उत्पादक, चॉकी केंद्रे व बीजकोष उत्पादक यांना नोंदणी बंधनकारक झाली. १९४८ च्या मूळ कायद्यात अशी तरतूद नव्हती. खराब बियाण्याची जबाबदारी कोणावर, या प्रश्नाला त्यामुळे कायदेशीर आधार मिळाला.

बारामती व इंदापूर परिसर

महाराष्ट्र हे पारंपरिक रेशीम राज्य नव्हे. राज्यात स्वतंत्र रेशीम संचालनालय १९९७ मध्ये स्थापन झाले असून त्याचे मुख्यालय नागपूर येथे आहे. तुती रेशमाचा प्रसार प्रामुख्याने मराठवाडा व पश्चिम महाराष्ट्राच्या कमी पावसाच्या तालुक्यांत झाला. पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील बारामती व इंदापूर हे त्यांपैकीच होत. उत्तरेस भीमा व उजनी धरणाचा फुगवटा आणि दक्षिणेस नीरा नदी असूनही इंदापूर तालुक्याचा मोठा भाग अवर्षणप्रवण आहे. ऊस, डाळिंब व द्राक्ष यांच्या या पट्ट्यात तुतीला उसाच्या मानाने पुष्कळ कमी पाणी लागते आणि एकदा लावलेली बाग अनेक वर्षे टिकते, या कारणांमुळे काही शेतकऱ्यांनी तिचा स्वीकार केला. तुती लागवड व संगोपनगृह यांसाठी रोजगार हमी योजनेतून साहाय्य मिळते. पूर्वी राज्यातील शेतकरी कोष विकण्यासाठी कर्नाटकातील रामनगरला जात. जालना येथे २०१८ मध्ये कोष बाजारपेठ सुरू झाली, आणि बारामती कृषी उत्पन्न बाजार समितीच्या आवारातही कोषांची खरेदी-विक्री होते.

येथील शेतकरी अंडी तयार करीत नाही. बायव्होल्टाइन संकरित वाणांचे अंडीपुंज सरकारी अथवा खासगी केंद्रांतून येतात. अनेक शेतकरी तर अंड्यांऐवजी दुसरी कात टाकलेल्या अळ्या चॉकी केंद्रातून विकत घेतात, कारण पहिल्या आठ-दहा दिवसांत लागणारे २६ ते २८ अंश सेल्सिअस तापमान व दमट हवा घरच्या शेडमध्ये सांभाळणे कठीण असते. पेब्रिनच्या दृष्टीने ही साखळी दुधारी आहे. चॉकी केंद्रात तज्ज्ञांची देखरेख असते. परंतु एका केंद्रातून अनेक गावांना अळ्या जात असल्याने बाधित अंड्यांचा एक गट तेथे आला तर त्याची झळ एका शेडपुरती राहत नाही. पेब्रिनविरुद्धची खरी लढाई त्यामुळे इंदापूरच्या शेडमध्ये नव्हे, तर दूरवरच्या सूक्ष्मदर्शकाखाली लढली जाते. शेतकऱ्याच्या हाती उरते ती विश्वासू ठिकाणाहून अंडी घेणे व पावती जपून ठेवणे.

१०० अंडीपुंजांतून ४० ते ५० हजार अळ्या निघतात व चांगल्या बॅचमध्ये ६० ते ८० किलो कोष मिळतात. बहुतेक पाला पाचव्या अवस्थेतील शेवटच्या सात-आठ दिवसांत लागतो. म्हणजे बॅच उशिरा बुडाली तर पाला, मजुरी व महिन्याभराचे श्रम हे सर्व खर्ची पडल्यावर ती बुडते. वर्षाला चार ते सहा बॅच घेणाऱ्या कुटुंबाला दोन बॅचमधील निर्जंतुकीकरणाचे दिवस कमी करण्याचा मोह होतो. बीजाणू मात्र पुढील बॅचची वाट पाहत शेडच्या फटींत टिकून राहतात. संगोपनगृह, रॅक व चंद्रिका धुऊन त्यांवर क्लोरीनयुक्त जंतुनाशक फवारणे, साहित्य कडक उन्हात वाळवणे, रोगट अळ्या चिमट्याने उचलून चुन्याच्या पाण्यात टाकणे आणि अंथरूण शेडपासून दूर नेऊन कुजवणे ही कामे म्हणून नियमित करावी लागतात. अंथरुणाचे कच्चे खत थेट तुतीच्या बागेत टाकणे टाळावे असे सांगितले जाते, ते याच कारणासाठी. तुतीवरील पाने गुंडाळणाऱ्या अळीसारख्या अन्य पतंगवर्गीय किडींतही मायक्रोस्पोरिडिया आढळतात व त्यांतील काही रेशीमकिड्यांना बाधू शकतात, म्हणून बागेतील कीडनियंत्रणाचाही रोगाशी संबंध येतो.

या परिसरातील उन्हाळा कडक असतो आणि एप्रिल-मे महिन्यांत अनेकजण बॅच घेत नाहीत. त्या काळात होणारी अळ्यांची मर बहुधा उष्णता, ग्रासरी अथवा फ्लॅचरी यांमुळे असते. प्रत्येक मरतुकीला पेब्रिन समजणे जितके चुकीचे, तितकेच तपासणीविना ती उन्हावर ढकलणेही चुकीचे होय. मेलेल्या काही अळ्या जवळच्या रेशीम कार्यालयात अथवा कृषी विज्ञान केंद्रात नेऊन विचारणे हा त्यावरचा साधा मार्ग आहे.

टसर रेशीमकिडा

गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा व गोंदिया या जिल्ह्यांत ऐन व अर्जुन यांच्या झाडांवर टसर रेशीमकिडा (अँथेरिया मायलिटा) वाढवला जातो. हा व्यवसाय तेथील ढिवर समाजाने परंपरेने जपला आहे. टसरची अळी बंद शेडमध्ये नव्हे तर उघड्या झाडावर वाढते. जंगलातील झाड निर्जंतुक करता येत नाही आणि आधीच्या पिकातील बीजाणू पानांवर, सालीवर व खालच्या मातीत राहतात. त्यामुळे टसरमध्ये पेब्रिनचा उपद्रव तुती रेशमापेक्षा जास्त जाणवतो आणि माता पतंगाच्या तपासणीवरची भिस्त आणखी वाढते.

इतर कीटकांतील आतड्याचे परजीवी

बारामती-इंदापूर भागात डाळिंब, कलिंगड व कांदा बीजोत्पादन यांसाठी परागीभवन करणाऱ्या मधमाश्यांनाही याच कुळातील परजीवींची बाधा होऊ शकते. नोसेमा एपिस या परजीवीचे वर्णन एनॉख त्सांडर यांनी १९०९ मध्ये केले. नोसेमा सेरानी हा १९९६ मध्ये आशियाई मधमाशीत, म्हणजे आपल्याकडील सातेरीच्या जातीत, चीनमध्ये प्रथम नोंदला गेला आणि पुढे युरोपीय मधमाशीत शिरून जगभर पसरला. २०२० मध्ये या दोन्ही जाती व्हेरिमॉर्फा या प्रजातीत हलवण्यात आल्या, तरी मधपाळांच्या तोंडी नोसेमा हेच नाव आहे. सेरानीचे बीजाणू उष्णता सोसतात व थंडीत लवकर मरतात, त्यामुळे उष्ण प्रदेशांत त्याचे प्राबल्य अधिक.

मधमाशीत परजीवी मुख्यतः मध्यांत्रातच राहतो. बाधित कामकरी माशी सतत भुकेली राहते, तिच्या डोक्यातील पिल्लांचे अन्न तयार करणाऱ्या ग्रंथी खुरटतात आणि ती वयाआधीच पोळ्यातील काम सोडून फुलांकडे जाऊ लागते. तिचे आयुष्य घटते. एकेका माशीचे नुकसान डोळ्यांत भरत नाही, परंतु तरुण माश्या लवकर बाहेर पडून मरू लागल्या की पिल्लांना भरवणाऱ्या माश्या कमी पडतात व वसाहत क्षीण होते. इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकाचा अल्प अंश व नोसेमा एकत्र आल्यास माश्यांची मर वाढते असे फ्रान्समधील प्रयोगांत दिसून आले आहे. भारतात मधमाश्यांवर संशोधन करणारी केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून पुण्यात आहे.

परिस्थितीनुसार परजीवीची तीव्रता कशी बदलते याचे बोलके उदाहरण युरोपातील भुंगमाशीच्या आतड्यात राहणाऱ्या क्रिथिडिया बॉम्बी या कशाभिकाधारी जीवाचे आहे. पोटभर अन्न मिळणाऱ्या कामकऱ्यांवर त्याचा परिणाम जेमतेम जाणवतो. त्यांना उपाशी ठेवल्यास मात्र बाधितांचा मृत्युदर निरोगींपेक्षा सुमारे ५० टक्क्यांनी वाढतो. हिवाळा काढून एकटीने वसाहत उभारणाऱ्या बाधित राणीची प्रजननक्षमता सुमारे ४० टक्क्यांनी घटल्याचे आढळले आहे.

झुरळे, नाकतोडे व भुंगेरे यांच्या आतड्यात ग्रेगरिन गटातील मोठे एकपेशीय जीव सर्रास सापडतात. महाविद्यालयीन प्रयोगशाळेत झुरळाचे विच्छेदन करणाऱ्या विद्यार्थ्याला ते अनेकदा सहज दिसतात. बहुतेक यजमानांना त्यांचा त्रास किरकोळच होतो, आणि परजीवी व निरुपद्रवी सहनिवासी यांच्यातील सीमारेषा येथे पुसट होते. एडिस डासाच्या अळीतील अशा एका ग्रेगरिनचे वर्णन रोनाल्ड रॉस यांनी १८९८ मध्ये केले, तो आज अ‍ॅस्कोग्रेगरिना क्युलिसिस या नावाने ओळखला जातो. पिठात होणाऱ्या तांबड्या भुंगेऱ्यातील नोसेमा व्हाइटी हा परजीवी अळीला कोशावस्थेत जाऊ देत नाही व तिला अळी म्हणूनच वाढवत राहतो. परजीवी तारुण्यरोधक संप्रेरकासारखे द्रव्य निर्माण करीत असावा, अशी मांडणी १९६४ मध्ये करण्यात आली होती.

रेशीम उत्पादकांनी ज्या गुणांमुळे नोसेमाचा धसका घेतला, तेच गुण टोळांविरुद्ध उपयोगी ठरतात. पूर्वी नोसेमा लोकस्टी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या परजीवीचे बीजाणू गव्हाच्या कोंड्यात मिसळून नाकतोड्यांना खाऊ घालण्याचे जैविक कीटकनाशक अमेरिकेत १९८० मध्ये नोंदवले गेले. ते रासायनिक औषधासारखे तत्काळ मारत नाही. नाकतोडे मंदावतात, कमी खातात व कमी अंडी घालतात.